पाच चिंचोक्यांच्या यमुनाबाई

मुलाजवळ पाटी नसली म्हणजे त्याला गणित येणार नाही, हे तुम्हाला कोणी शिकवलं? महिना होत आला, मूल गावच्या बाजारात माझी शाळासोबतीण चिन्नी भेटली आणि म्हणाली, “आपल्या यमुनाबाई गेल्या न...” तेव्हापासून हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारते आहे.

मोहटोल्याच्या आमच्या शाळेत बाई एकट्याच शिकवायच्या. पाट्या चार, मुलं वीस. पाट्या येईपर्यंत थांबा, असं पाटील म्हणाले तेव्हा बाई उसळल्या, “पाटी नाई म्हणून पोरायले डोकं नाई काय?” त्यांनी चिंचोके फोडून पाच अर्धुकं घेतली, एक बाजू काळी, एक पांढरी. ती ओळीनं मांडायची. पाच जागांच्या किमती सोळा, आठ, चार, दोन, एक. पांढरी बाजू वर असली तर किंमत धरायची, काळी असली तर सोडायची. एवढ्यावर शून्यापासून एकतीसपर्यंत कोणताही आकडा मांडता येई... आम्ही तो मातीत बसून, भांडत-हसत मांडला.

पण आमच्याकडे चावडीमागे माणसं अशाच चिंचोक्यांवर जुगार खेळत. बाई पोरांना जुगार शिकवतात, अशी तक्रार जिल्ह्याच्या गावी, चांद्याला गेली आणि तपासनीस आले. शाळा बंद करण्याचा शेरा लिहायला त्यांनी पेनाचं टोपणही काढलं.

“साहेब, आधी पोरायले तर विचारा,” बाई म्हणाल्या.

चिन्नीला मोहाच्या झाडामागे पाठवून साहेबांनी माझ्या कानात आकडा सांगितला. मी चिंचोके मांडले. चिन्नी आली, बघितलं न बघितलं तोच ओरडली, “सत्तावीस!”

“खूण केली असेल,” साहेब म्हणाले.

“मंग आता तुमी सांगा,” म्हणत चिन्नीनं मांडलं. पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा.

साहेबांनी पांढरे मोजले. “तीन.”

“तीन कुठी? एकवीस हायेत! बसा न साहेब खाली, आमच्यासंगं... दोन दिसात येते.”

सगळी शाळा हसली. साहेब आधी लाल झाले, मग खरंच खाली बसले. तासाभरानं मातीनं भरलेलं धोतर झटकत उठले आणि त्यांनी लिहिलं, शाळा चालू ठेवावी.

परवा मासिकात वाचलं, परदेशात गणित करणारी यंत्रं निघाली आहेत. त्यांच्या पोटातही म्हणे ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच खुणा. यंत्र खोलीएवढं... आमच्या बाईंचं मुठीत मावायचं! जंगलातल्या पोरांना अक्कल नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं.

बाईंची जागा रिकामी आहे. शाळा मात्र एक दिवसही बंद राहिली नाही. सकाळी चिन्नी शिकवते, आणि बाजारातल्या त्या भेटीपासून दुपारी मी. सरकारनं दिलेल्या खुर्चीवर बाई कधी बसल्याच नाहीत. त्यांनी तिच्यावर पाण्याची घागर ठेवली होती, ती आजही तिथंच आहे. वाचकहो, आजच चांद्याच्या शिक्षण कचेरीला एक कार्ड टाका. लिहा, मोहटोल्याला शिक्षक द्या, आणि जमिनीवर बसणारा द्या.