ट्रॉलीचा फाळका
टर्पेंटाइनचा वास आला की खोडदचं आमचं अंगण आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा लाल फाळका आठवतो. त्यावर पेंटरनं काढलेली खूण होती, वडिलांच्या नावातल्या ‘द’ची शेपटी चुलत्यांच्या ‘ब’च्या पोटात शिरलेली. कांद्याच्या बाजारात आमची ट्रॉली त्या खुणेवरून लांबून ओळखू यायची. वाटणीत ट्रॉली वडिलांकडे आली आणि त्यांनी त्याच पेंटरला ‘ब’ पुसायला बोलावलं. तो म्हणाला, “भाऊ, लई गुतल्यात ही. एक पुसलं तर दुसरं मोडल.” “मंग दोन्ही पुसा,” वडील म्हणाले. पेंटरनं टर्पेंटाइननं अक्षरं घासली आणि वर लाल रंग मारला; चुलते ओट्यावरून बघत होते. आता मी पुण्यात लोगो करतो. गावी गेलो आणि ट्रॉली बाहेर निघाली, की तिरप्या उन्हात ती अक्षरं रंगाखालून अजून दिसतात. म्हणूनच वडील ट्रॉली कायम भिंतीला पाठ लावून उभी करतात.