उकंडभाऊंची गुलाबी नखं

उकंडभाऊ इतक्या लवकर 'हो' का म्हणाले, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

धामणगाव बढ्यात आम्ही पंचवीस वर्षं शेजारी आहोत. एवढ्या वर्षांत त्यांनी एका दमात होकार दिलेला मी ऐकलेला नाही. दुकानातलं बियाणं ते दाताखाली फोडून बघतात. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळतात, किती उगवले ते मोजतात, मगच पेरतात. आमच्याकडचा चहासुद्धा आधी नाकाशी नेतात.

माझी लेक सुचिता कृषी पदवीधर. हरभऱ्याच्या मर रोगासाठी तिनं जिवाणूंचं द्रावण आणलंय. पेरणीआधी ते बियाण्याला चोळलं की जिवाणू मुळांभोवती वाढतात आणि रोगाच्या बुरशीला जागा मिळत नाही. गावातला पहिला प्रयोग उकंडभाऊंच्या एका एकरात. तो फसला, तर तिचं इथे पुन्हा कोणी ऐकणार नाही.

बाटली हुंगून उकंडभाऊ म्हणाले होते, "पोरी, रोग जंतूनंच येते ना? अन् तू जंतूच लावून राह्यली?"

"काका, हे आपल्या बाजूचे आहेत."

"आपली बाजू कोन्ती, हे त्यायले कोनं सांगतलं?"

जमलेले शेजारी हसले. आणि लगेच ते म्हणाले, "हाव, लाव."

मला तिथेच खटकलं. गेल्या वर्षी सुचिता चारचौघांत त्यांच्या घरच्या बियाण्याला रोगट म्हणाली होती. त्याचं उट्टं तर काढायचं नसेल?

आज दुपारी त्यांच्या गोठ्यात तिनं बियाण्याला द्रावण चोळलं, सावलीत सुकत घातलं आणि बजावलं, "काका, आता यावर दुसरं औषध नाही. जिवाणू मरतील."

संध्याकाळी ते आमचं घमेलं परत द्यायला आले. त्यांची नखं गुलाबी होती. बियाण्याला लावतात ती बुरशीच्या औषधाची भुकटी असते, अगदी तशी.

"भाऊ, नखं कशानं रंगली?"

"बैलाची शिंगं रंगवली."

त्यांचे बैल विकून तीन वर्षं झालीत. जाता जाता म्हणाले, "सुचिताची माय, भेऊ नको. पोरीचं नाव मी खराब नाई होऊ देत."

तेव्हा मला तो टोमणा वाटला. आता हे लिहिताना वाटतंय, त्यांचा विश्वास पोरीवर आहे, जंतूंवर नाही. तिची फजिती नको म्हणून त्यांनी वरून भुकटी लावली असणार. पण मग जिवाणू मेले, आणि पीक तगलं तरी प्रयोग तिचा राहिला नाही.

सकाळी सहाला पेरणी आहे. त्यांच्या कोठीत काहीच न लावलेलं कोरं बियाणं आहे, आमच्याकडे अर्धी बाटली द्रावण; रात्रीतच नव्यानं चोळून सुकवता येईल. सुचिताला उठवलं तर ती गेल्या वर्षीसारखीच सगळ्यांसमोर बोलेल, आणि ते हट्टाला पेटतील.

या आठवड्यात शेतातल्या पंपाची लाइन रात्रीची आहे. ते कपाशीला पाणी देत जागेच असतील. मीच फोन लावते. आधी बैल कोणाचा, तेच विचारीन.