तळ्याच्या मधोमध

साकोलीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. तळ्यातल्या मासळीच्या एका ठेकेदाराने पाण्यातही चालणारी आठचाकी गाडी आणली. सायलेन्सरमध्ये पाणी शिरायचं, म्हणून मी नवा पाइप वाकवून उंच काढून दिला.

"तूनंच बनवला ना? मंग पयले तूच बस," ठेकेदार म्हणाला. मला पोहता येत नाही, हे सांगायची लाज वाटली. तो चालवायला बसला, मी मागे.

तळ्याच्या मधोमध प्लास्टिक जळाल्याचा वास आला. धक्क्यांनी सरकलेला, तापलेला पाइप गाडीच्या प्लास्टिक बॉडीला टेकला होता. भोक पडलं असतं तर बुडालोच असतो.

"इंजिन बंद करा!" मी ओरडलो. ओंजळीने पाइपवर पाणी टाकलं, तशी चर्रकन वाफ उठली.

"काहून भिऊन राहिला?" तो म्हणाला, पण त्याचाही आवाज कापत होता.

हातांनी वल्हवत काठ गाठला. पाइप मी दुसऱ्या दिवशी बॉडीपासून लांब, पक्का बसवला. पोहता येत नाही, हे या वेळी सांगून टाकलं; चाचणीला तो एकटाच गेला.