धन्यकुमारचा गोडत्याग

धन्यकुमारने गोड सोडलं, तेव्हा समडोळीतल्या बायकांना त्रिशलाचा हेवा वाटला. नवरा असावा तर असा, म्हणाल्या. चातुर्मासासाठी गावात मुनीमहाराज आले होते. त्यांच्यापुढे हात जोडून याने नियम घेतला, की माझा तोटा भरून निघेपर्यंत साखर-गूळ तोंडात घालणार नाही. हळदीचा व्यापारी आहे, हळदीतच बुडाला असेल बिचारा, असं महाराजांना वाटलं आणि त्यांनी नियम दिला. हळदीत बुडायला माणसाजवळ आधी हळद तरी लागते! धन्यकुमार बुडाला होता मोबाइलमधल्या क्रिप्टो नाण्यांत; ती कुणी हातात घेऊन पाहिली नव्हती की काट्यावर तोलली नव्हती.

सुरुवात खंडाळ्याच्या एका हॉटेलात झाली होती. मार्गदर्शन फुकट, वर जेवण. कोटातल्या एका माणसाने पडद्यावर एका नाण्याच्या भावाची वर जाणारी रेघ दाखवली आणि धन्यकुमारची मान रेघेबरोबर वर गेली ती खाली आलीच नाही. पहिल्या आठवड्यात थोडा नफा झाला. तिथेच घात झाला. पहिल्याच दिवशी थोबाडीत बसली असती तर गडी शुद्धीवर आला असता.

भाव पडला तेव्हा त्याने घराण्याची विद्या बाहेर काढली. त्याचे आजोबा हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद भरून ठेवायचे आणि भाव आला की उपसायचे. माल दाबला की भाव येतो, एवढंच नातवाने उचललं. आजोबांच्या हळदीला गिऱ्हाईक होतं, कुणीतरी ती आमटीत घालत होतं. हे नाणं कोण कशात घालणार, असा प्रश्न या व्यापाऱ्याच्या वंशजाला पडला नाही. तो दाबत राहिला, नाणं पडत राहिलं.

मग त्याला सूड उगवावासा वाटू लागला. गेलेला पैसा गेला, असं तो कधी म्हणालाच नाही. तो आपलाच आहे, बाजाराने दांडगाईने ठेवून घेतलाय आणि आपण तो मानगूट धरून वसूल करणार, अशी त्याची पक्की समजूत. एक सौदा हरला की दुसरा दुप्पट. ॲपवाले लावलेल्या रकमेच्या दहापट उधारीवर खेळू देत. भाव जरा उलटा गेला की सगळं त्यांच्या घशात. आणि वर नियम घेतलेला! आता थांबणं म्हणजे महाराजांसमोर दिलेला शब्द मोडणं. जुगार सोडायचा तर धर्म बुडणार, अशी व्यवस्था या शहाण्याने स्वतःसाठी करून घेतली होती. पाणी गाळून प्यायचा, सूर्य मावळायच्या आत जेवायचा, आणि मावळल्यावर अंथरुणात मोबाइल घेऊन उपासनेला बसायचा.

घर चालत होतं त्रिशलाच्या कांडपावर. घराच्या मागच्या बाजूला सासऱ्यांनी बसवलेलं हळद-मिरची कुटायचं मशीन होतं. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतून बायका मिरच्यांची पोती घेऊन रांग लावायच्या आणि त्रिशला दिवसभर तोंडाला पदर बांधून उभी असायची. मशीन मात्र धन्यकुमारच्या नावावर. दिवाळीत त्याने ते पलूसच्या कांडपवाल्या भाऊसोंना विकायचं ठरवून इसार घेतला आणि तिला सांगितलं ते पैसे उडवून झाल्यावर. ती तडक पलूसला गेली. भाऊसो भला माणूस. म्हणाले, "वहिनी, संक्रांतीच्या आत इसार परत द्या, मशीन तुमचंच ऱ्हाईल. त्याच्या फुडं मला थांबता यायचं न्हाई, माझा हंगाम जाईल."

पौषातल्या एका दुपारी धन्यकुमार सांगलीच्या मार्केट यार्डात बसला होता. त्याने मोबाइल पाहिला. नाणं उसळलं होतं. गेलेलं सगळं, अगदी इसारासकट, परत आलं होतं! एक बटण दाबायचं आणि पैसे खात्यात घ्यायचे, की मशीन वाचलं, नियम फिटला, विषय संपला. त्याने जवळच्या दुकानातून एक पेढा घेतलासुद्धा.

पेढा ओठांपर्यंत गेला आणि थांबला. मुद्दल आलं, पण इतक्या महिन्यांचं व्याज? रात्र-रात्र जागलो त्याचं काय? आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झालाच नव्हता. आता उद्या सकाळी उठून करायचं काय? पुन्हा हळदीच्या पोत्यात हात घालून वास घेत हिंडायचं? वसूल करायला काही उरलंच नाही, ही कल्पना त्याला तोट्याहून भयंकर वाटली. त्याने पेढा शेजारच्या हमालाला दिला आणि सगळी रक्कम पुन्हा लावली. एसटी सांगलवाडीत पोचेपर्यंत भाव उलटला. समडोळीत उतरला तेव्हा खात्यात काही नव्हतं. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला अगदी हलकं-हलकं वाटत होतं.

संक्रांतीच्या सकाळी त्रिशलाने इसाराचं विचारलं. धन्यकुमार ताठ बसला.

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं? मागं एकदा सगळंच्या सगळं परत आलं हुतं! म्हंजे विद्या खोटी न्हाई. परत येणार."

त्रिशला तिळाचं ताट हातात घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं.

"सगळं आलं हुतं? इसाराचं पण?"

"इसाराचं पण!"

"आवं, मग त्या दिवशी गोड का न्हाई खाल्लं?"

बोलण्यात कुणाला हार न जाणारा धन्यकुमार मोबाइल उलटा-सुलटा करत राहिला. तोटा झाला म्हणून ती त्याला कधी एका शब्दानेही टाकून बोलली नव्हती. आज तिला त्याची किळस आली आणि तिने ती लपवली नाही. पाठ फिरवून ती मागच्या दाराने मशीन पुसायला गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊसो टेम्पो घेऊन आले. मशीनचे राहिलेले पैसे धन्यकुमारने त्यांना वाटेतच गाठून घेतले होते, त्यामुळे मोजायला काही नव्हतं. मशीन चढलं, दोर आवळले. त्रिशला डबा घेऊन बाहेर आली.

"भाऊसो, मशीन चालवाय मानूस लागंल की तुमाला. मी येते कामाला. रोज एसटीनं यीन-जाईन. पण पगार माझ्या हातात द्यायचा, ह्यांच्या न्हाई."

भाऊसोंनी खाली मान घालून होकार दिला आणि तिला पुढे बसायला जागा करून दिली.

धन्यकुमार उंबऱ्यात उभा होता. बापाने बसवलेलं मशीन निघालं, बायको मोलाने राबायला निघाली; कुणीही म्हणेल, आता तरी याच्या डोळ्यांत पाणी येईल. तो टेम्पोमागे चार पावलं धावलासुद्धा.

"त्रिशला," तो ओरडला, "पगार कुठल्या तारखेला हुतो, तेवढं इचारून घे गं!"