कपाट रिकामे समजू नये

नववी ‘ब’च्या वर्गात मागच्या भिंतीला एक राखाडी लोखंडी कपाट होतं आणि मला ते हवं होतं. हे बोलून दाखवायला मला नोकरीचं पहिलं वर्ष पुरलं नाही. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्याझाल्या, मी मनाचा हिय्या करून पर्यवेक्षिकाबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

आमची शाळा विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला लागून आहे. मी तिथे नववीला इंग्रजी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरी मराठीच बोलतो, पण चार मोठ्या माणसांसमोर बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात पूर्ण करून घ्यावं लागतं, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. त्यामुळे स्टाफरूममध्ये मी ऐकण्याचं काम करते. पर्यवेक्षिकाबाईंचं तसं नाही. त्यांचं वाक्य आधीच पूर्ण असतं आणि बहुतेक वेळा त्यानंतर समोरच्याला बोलण्यासारखं काही उरत नाही.

“कशाला हवंय कपाट?” त्यांनी विचारलं.

“वर्गात पुस्तकं ठेवायची होती. मुलांना घरी न्यायला.”

“शाळेला ग्रंथालय आहे.”

“ते कुलपात असतं,” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग ड्रॉवर उघडून किल्ली टेबलावर ठेवली. “हे कपाटही कुलपातच असतं. घ्या. पण सहामाहीच्या उत्तरपत्रिका ठेवायला मला जागा लागते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते वापरात दिसलं, तर राहू दे तुमच्याकडे. नुसतं शोभेला असेल तर परत.”

मी घरून पुस्तकं नेली. माझी शाळेतली, नीट जपलेली, बहुतेक इंग्रजी. वर मुलांनी वाचायलाच हवीत अशी वाटणारी काही मराठी विकत घेतली: थोरांची चरित्रं, बोधकथा, विज्ञानाची नवलाई. महिनाभरात एकच पुस्तक कपाटाबाहेर पडलं. माझी सगळ्यात आवडती जाडजूड इंग्रजी कादंबरी. रस्त्याकडच्या खिडकीचं दार वाऱ्याने आपटायचं, ते अडवायला कुणीतरी ती फटीत खुपसली होती. अगदी बरोबर बसली होती. मला राग आला असता, पण खिडकी खरंच आपटायची थांबली होती.

त्यानंतर मी मोकळ्या तासाला वह्या तपासायच्या निमित्ताने शेवटच्या बाकावर बसायला लागले. गप्प बसणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो, थोड्या वेळाने लोक त्याला विसरतात. मुलं धानोरीच्या नाल्यात निघालेल्या सापाबद्दल बोलत होती. कुठल्या बाइकला किती सीसीचं इंजिन असतं यावर हमरीतुमरी चालली होती. एकीला ओव्हन नसताना केक करायचा होता. दोघींना पोलीस भरतीला उंची किती लागते ते हवं होतं. मुरमं हा विषय तर रोजचाच. आणि भूत. कुठल्याही गप्पांच्या शेवटी भूत यायचंच. माझ्या कपाटात यातलं काहीही नव्हतं.

मी नारायण पेठेत राहते, अप्पा बळवंत चौक घरापासून चालत जाण्याइतका. रविवारी तिकडे गेले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात काका वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“भुतांचं काही आहे का? आणि सापांचं?”

“कुणासाठी?”

“नववीच्या मुलांसाठी.”

“मग गाइड घ्या की.”

“गाइड नकोत.”

“गाइड नकोत, भूत हवंय,” काकांनी वर्तमानपत्रालाच सांगितलं. “बघा आत. दिसलं तर आम्हालाही सांगा.”

भूत दिसलं. सापही मिळाला, फणा काढलेला, मुखपृष्ठावर पूर्ण पानभर. बाइकच्या इंजिनाचं चित्रमय पुस्तक, कुकरमधले केक, एका महिला फौजदाराच्या आठवणी, कबड्डीचे डावपेच. पुढचे कित्येक रविवार मी तिथे जात राहिले, आणि काका मला बघून “आज काय, चेटकीण?” असं विचारायला लागले.

ऑगस्टमध्ये कपाटापाशी ढकलाढकली सुरू झाली. मधल्या सुट्टीत कानावर यायचं:

“साप कुणाकडेय रे?”

“माझ्या बहिणीकडे.”

“मग उद्या आण ना. आणि तू, भूत किती दिवस ठेवणारेस घरी?”

मी वह्या तपासत बसायचे आणि हसू आवरायचे.

मग मी मावसबहिणीच्या लग्नाला म्हणून नगरला गेले. माझ्या गैरहजेरीत पर्यवेक्षिकाबाई वर्गात डोकावल्या आणि उघडं कपाट बघून एवढंच म्हणाल्या, “हे कपाट आहे का रद्दीचं दुकान?” पुस्तकं जुनी होती हे खरंच. हे आमच्या वर्गाच्या मॉनिटरला फार लागलं. ही मुलगी अशी की फळ्यावरची तारीख वाकडी असली तर तिला चैन पडत नाही.

मी परत आले तेव्हा वर्ग वाट बघत उभा होता. मॉनिटरने मला मागे नेलं आणि कपाटाची दोन्ही दारं एकदम उघडली.

सगळं खाकी होतं.

शाळा सुरू होताना घरोघरी वह्यापुस्तकांना कव्हरं घालायचा जो कार्यक्रम होतो, तो त्यांनी माझ्या कपाटापुरता पुन्हा केला होता. सगळ्यांनी घरातला उरलेला ब्राउन पेपर आणला होता. कोपरे दुमडलेले, कडा डिंकाने पक्क्या चिकटवलेल्या, कणाही झाकलेला. प्रत्येक पुस्तकावर मधोमध लेबल, आणि प्रत्येक लेबलावर मॉनिटरच्या सुंदर अक्षरात तेच: इयत्ता – नववी. तुकडी – ब. विषय – अवांतर वाचन. खिडकीतली कादंबरीसुद्धा काढून, कव्हर घालून पुन्हा खिडकीत लावली होती.

“पुस्तकांची नावं?” मी हळूच विचारलं.

मॉनिटरने लेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मॅडम, लेबलवर पुस्तकाच्या नावाची ओळच नसते.”

ते खरं होतं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, “छान झालंय.”

त्याच दिवशी पर्यवेक्षिकाबाई येऊन गेल्या. “आता कशी शाळा वाटतेय,” त्या म्हणाल्या.

तेच तर झालं होतं. कपाट शाळेसारखं दिसायला लागलं आणि मुलं त्याच्याकडे शाळेसारखीच बघायला लागली. फणा काढलेला साप आणि कबड्डीचे डावपेच बाहेरून इतिहास-नागरिकशास्त्राची भावंडं वाटत होती. ढकलाढकली थांबली. पुस्तक उघडून बघावं तर कळेल, पण खाकी कव्हराचं पुस्तक कुणी आपणहून उघडतं का? सप्टेंबर संपत आला आणि कपाट पहिल्या महिन्यासारखं भरलेलं राहिलं. शोभेला.

“सांगून टाक ना, कव्हरं काढा म्हणून,” आई म्हणाली.

“त्यांनी माझ्यासाठी घातलीयेत. आणि चिकटवलीयेत, काढली तर खालची चित्रंही फाटतील.”

“मग बस खाकी रंग बघत.” आई लसूण सोलत होती. माझ्या आईला कीव दाखवायची असेल तर ती लसणाची पाकळी हातात देते. मी सोलायला बसले.

यातून वाट काढली ती मी नाही. सहामाहीच्या आठवडाभर आधी एक मुलगा, एरवी वर्गात सगळ्यात जास्त आवाज करणारा, एक पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आला. चेहरा पडलेला.

“मॅडम, फसवणूक झालीये.”

“काय झालं?”

“मी भूत समजून नेलं. निवडुंगाचं निघालं.”

“मग परत ठेवायचं.”

“पण मी वाचलं ना सगळं! म्हटलं, पुढे तरी येईल.”

“आलं?”

“नाही ना.” त्याने माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली. “मॅडम, दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये.” आणि त्याने खाकी कव्हरावर, लेबलाच्या खाली, दाबून लिहिलं: ‘यात भूत नाही. शेवटपर्यंत नाही. वाट पाहू नये. – एक फसलेला.’

आजूबाजूच्यांनी वाचलं आणि वर्गात हशा पिकला. मॉनिटर धावत आली. “कव्हर घाण केलंस! मॅडम, बघा ना!”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी त्या ओळींकडे बघत होते. मला त्या ओळखीच्या वाटत होत्या. शाळेत मला मराठी हा विषय होता खरा, पण मी मराठी वाचायला शिकले ती आमच्या पेठेतल्या फाटकांवर. शाळेत जाता-येता बाबांचं बोट धरून मी पाट्या वाचायचे. येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल. बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही. दुपारी एक ते चार कोणीही मेलेले नाही, झोपलेले आहेत. पाटी पूर्ण वाचून झाल्याशिवाय मी बाबांना पुढे जाऊ देत नसे.

“निवडुंग कसा होता?” मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. “निवडुंग बरा आहे.”

“मग तेही लिही.”

त्याने लिहिलं: ‘निवडुंग मात्र बरा आहे.’ मधल्या सुट्टीच्या आत निवडुंगाचं पुस्तक कुणीतरी घरी न्यायला घेतलं.

मॉनिटर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने फौजदारबाईंच्या आठवणी कपाटात परत ठेवल्या तेव्हा त्यावर, पट्टीने ओळ आखून, लिहिलं होतं: ‘ज्यांना सहाच्या आत घरी यावे लागते त्यांनी अवश्य वाचावे. घरच्यांनीही वाचावे.’

मग कुणी थांबेचना. परीक्षा चालू असतानाही पेपर झाला की मुलं कपाटापाशी. पुस्तक वाचल्याशिवाय त्यावर लिहायचं नाही, हा नियम मॉनिटरने केला आणि तोंडी परीक्षा घेऊन पाळायला लावला. केकच्या पुस्तकावर आलं: ‘फोटोसारखा होत नाही. आमचा झाला नाही. तुमचाही होणार नाही. खाता येतो.’ सापाच्या पुस्तकावर: ‘जेवताना उघडू नये.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘उघडले. सल्ला योग्य.’ आणि एका कवितांच्या पुस्तकावर, अगदी बारीक अक्षरात, कुणाचं ते मला आजवर कळलेलं नाही: ‘एकट्याने वाचावे. कोणी विचारल्यास गणित म्हणून सांगावे.’ खाकी कव्हराचा इतका चांगला उपयोग मला सुचला नव्हता.

एक दिवस वर्ग रिकामा असताना मी खिडकीतली कादंबरी काढली आणि मीही लिहिलं: ‘हे मॅडमना आवडले आहे. तरीही वाचण्यास हरकत नाही.’ आणि पुन्हा खिडकीत लावली.

सुट्टीच्या आदल्या दिवशी पहिल्या तासाला निरोप आला. उत्तरपत्रिका तपासून गठ्ठे तयार आहेत, नववी ‘ब’चं कपाट रिकामं असेल तर मधल्या सुट्टीत हलवलं जाईल.

मी मागे जाऊन दार उघडलं. कपाट रिकामंच होतं. दिवाळीची सुट्टी मोठी, म्हणून मुलांनी आदल्या दिवशीच सगळी पुस्तकं घरी नेली होती. काहींनी दोन-दोन. निवडुंगसुद्धा गेला होता. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि त्यामुळेच कपाट जाणार होतं. चारही खण स्वच्छ, शोभेलासुद्धा काही नाही.

“मॅडम, तुम्ही सांगा ना बाईंना,” मॉनिटर म्हणाली. “सांगाल ना?”

मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. मला माहीत होतं, ते पूर्ण होईपर्यंत कपाट जिन्यापर्यंत पोचलेलं असेल. मग मी तिच्याकडे ब्राउन पेपर आहे का विचारलं. तिच्याकडे होताच. मार्कर घेतला, पुसून पुन्हा लिहिता येणार नाही असा, आणि वर्गासमोर, टेबलावर वाकून लिहिलं. मुलं बाकांवर चढून बघत होती.

मधल्या सुट्टीत पर्यवेक्षिकाबाई आल्या, मागे दोन शिपाई. त्यांनी कपाट उघडलं. मधल्या एका खणात माझा कागद चिकटवलेला होता. त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, जसं त्या सगळंच मोठ्याने वाचतात:

“‘पुस्तके सुट्टीसाठी घरोघरी गेली आहेत. सुट्टी संपताच परततील. तोवर कपाट रिकामे समजू नये व जागेची चौकशी करू नये.’”

चष्मा सावरत त्या आमच्याकडे वळल्या.

“कोणी लिहिलं?”

“मी,” मी म्हणाले. एका शब्दाचं वाक्य होतं, जुळवावं लागलं नाही.

त्या पुन्हा कागदाकडे वळल्या. “पेठेतल्या का तुम्ही?”

“नारायण पेठ.”

“हं. मी सदाशिव.” जणू त्यात सगळं आलं. त्या शिपायांना म्हणाल्या, “वरचा खण उत्तरपत्रिकांना. बाकीचे राहू देत.” मग माझ्याकडे वळून, “सुट्टीत मलाही वाचायला काही ठेवायचं होतंत. सगळं पोरांना वाटून टाकलंत.”

फसलेल्या मुलाने बाकावरून उडी मारली, खिडकीतून कादंबरी ओढून काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी कव्हर वाचलं. ओठाचा एक कोपरा किंचित हलला, निदान मला तसं दिसलं.

“इंग्रजी आहे,” त्या म्हणाल्या.

“फार अवघड नाहीये, बाई.”

“अवघड आहे, असं मी म्हटलं का?”

कादंबरी काखेत घेऊन त्या गेल्या. त्या जिना उतरतात न उतरतात तोच वारा आला आणि खिडकी धाडकन आपटली. पोरांनी जल्लोष केला. ती पुन्हा आपटली, पुन्हा जल्लोष. मॉनिटर उरलेल्या ब्राउन पेपरची घडीवर घडी घालत खिडकीकडे निघाली होती. मी म्हटलं, “राहू दे. आज आपटू दे.”