वारस म्हणून कुणाचं नाव

बॉयलरवरचा माणूस गेला आणि गिरणीच्या चाळीतल्या आम्हा सगळ्या बायकांचा आपापल्या नवऱ्यावरचा विश्वास उडाला. धुळ्यातली तेलगिरणी, माझा नवरा तिथं फिटर. गिरणीनं कामगारांचा विमा काढलाय एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण त्या मेलेल्या माणसानं वारस म्हणून लग्नाआधी धाकट्या भावाचं नाव लावलेलं, ते बदलायचं राहूनच गेलेलं. पैसे भाऊ घेऊन गेला. बायको लेकरं घेऊन फैजपूरला माहेरी गेली.

त्या उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, आमचे बिबडे, घालायला बसलो तरी विषय तोच. ‘तुझ्या नवऱ्यानं कुणाचं लावलंय गं?’ कुणालाच माहीत नाही. मी नवऱ्याला जेवताना विचारलं, तर म्हणाला, ‘तुला माझ्या मरणाची फार घाई दिसते.’ असं बोललं की बाईचं तोंड बंद होतं, हे नवऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

माझा संशय जेठांवर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावावर होता. साक्रीकडच्या गावात त्यांची शेती. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यांनीच धाकट्याला वाढवलं, आयटीआयला घातलं, गिरणीत चिकटवलं. म्हणजे नोकरीचे कागद भरताना शेजारी तेच बसलेले असणार! माझं लग्न त्यानंतरचं. बाजाराला आले की शेंगा घेऊन आमच्याकडे यायचे आणि दोघं भाऊ बाहेर खाटेवर हळू आवाजात बोलत बसायचे. मी चहा घेऊन गेले की गप्प. आता त्या शेंगांतसुद्धा मला काळंबेरं दिसायला लागलं.

त्यांना विचारायची तर सोयच नव्हती. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठांशी समोर बोलत नाही. डोक्यावर पदर, दाराआडून बोलणं, तेही लेकराला मध्ये घालून: ‘काकांना विचार, अजून भाकरी वाढू का?’ मी आपली दाराआड कान लावून उभी.

शेवटी मी हट्टालाच पेटले. कागद दाखवा, नाहीतर मी निघाले माहेरी. नवरा चिडला, मग मुकाट्यानं गिरणीच्या ऑफिसात घेऊन गेला. कारकुनानं फाईल काढली. नाव माझं होतं. लग्न झाल्या झाल्या बदललेलं, सहीशिक्क्यासकट. मला रडूच आलं.

‘मग मेलं सांगायला काय झालं होतं?’ बाहेर आल्यावर मी म्हटलं.

‘आधी भाऊचं नाव होतं. अजून त्याचंच आहे असं मी त्याला सांगितलंय. काढलं हे कळलं तर त्याला काय वाटेल? आणि तुझ्या पोटात राहिलं असतं का?’

राग आला, पण त्या दिवशी मी तो गिळला. माझं काम झालं होतं.

पुढच्या बाजाराला जेठ आले तेव्हा नवरा कामावर होता. मी चहा उंबऱ्याशी ठेवला आणि वळले, तर ते थेट माझ्याशीच बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘माय, त्या इमाना कागदवर मनंच नाव शे ना? पैसासाठे नही इचारस. त्यानी काढी टाकं का, इतलंच सांग.’

विम्यावर अजून त्यांचंच नाव आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. मी पदराआडून म्हटलं, ‘तुमनंच शे, भाऊ.’

त्यांनी मान हलवली. चहा बशीत ओतला आणि तो पार निवला तरी तोंडाला लावला नाही. मग टोपी घातली आणि बाजाराकडे गेले.

मी मोरीवर भांडी घासायला बसले, पण हात चालेना. बापाच्या जागी असलेल्या भावाच्या डोळ्यात डोळे घालून हा माणूस वर्षानुवर्षं खोटं बोलला. एकदा जीभ अडखळली नाही, कपाळाला आठी पडली नाही. मी तर कालची आलेली. आणि नाव काढायला लागतं काय, एक सही. मला कोण सांगायला येणार होतं?

दुसऱ्या दिवशी नवरा कामाला लागल्यावर मी एकटीच ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, ‘बाई, परवा तर बघून गेलात.’

‘पुन्हा दाखवा,’ मी म्हटलं.