आठ किलोमीटरच्या आत

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात शिलाई मशीनच्या दुकानावर एक खोली होती. तिथे बसून मी बारा वर्षं लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून दिली. पाटीवर 'आयकर सल्लागार' असं लिहिलं होतं. सिंधी गिऱ्हाइकं मला 'दीदी' म्हणत, अंबरनाथच्या कारखान्यांतली माणसं 'मॅडम' म्हणत आणि बदलापूरच्या पुढची 'वकीलबाई'. मी वकील नव्हते. पहिली दोन वर्षं मी तसं सांगत असे. नंतर सोडून दिलं.

माणूस आपलं उत्पन्न सरकारपासून लपवतो, असा समज आहे. माझ्याकडचे बरेचसे लोक ते सरकारला सांगायला तयार असत; भावाला कळता कामा नये, एवढीच त्यांची अट असे. दोन भाऊ एकाच दिवशी आले तर एकाला खाली दुकानात बसवून ठेवावं लागे. दुकानदाराने अशा रीतीने दोन मशिनी विकल्या. सह्यांची अडचण निराळी होती. एका कागदावर सिंधीत आणि दुसऱ्यावर इंग्रजीत सही केलेला माणूस कार्यालयात दोन माणसं ठरत असे, आणि तो एकच आहे हे सिद्ध करायला दोन महिने लागत. शुक्रवारी वीज नसे. टाइपरायटरला वीज लागत नाही, पण टायपिस्ट बाईंना पंखा लागे, त्यामुळे शुक्रवारी टायपिंगही नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका शुक्रवारीच, साठीच्या पुढचा एक शेतकरी जिना चढून आला. बदलापूरच्या पुढे बारवीच्या बाजूला त्याचं गाव होतं. त्याने टोपीच्या घडीतून आयकर कार्यालयाची नोटीस काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाय, हे कागूद वाच. मना इंग्लिश नाय येत. आनि पोऱ्या वाचतो त घाबरतो."

प्रकरण साधं होतं. त्याने गावाच्या पलीकडचं एक शेत मुंबईतल्या एका गृहस्थाला विकलं होतं. गृहस्थ कागदोपत्री शेतकरी होते. खरेदीखताची माहिती आयकर कार्यालयापर्यंत पोचली आणि कार्यालयाने नफ्यावर कर का भरला नाही, असं विचारलं होतं. आलेल्या पैशांतून म्हाताऱ्याने पक्क्या घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या. स्लॅबचे पैसे बँकेत बाजूला ठेवले होते. मुलगा अंबरनाथला एका कारखान्यात कामाला होता आणि त्याचं लग्न तिथल्याच बुवापाड्यातल्या एका मुलीशी जुळत आलं होतं. मुलीच्या बापाची अट एकच होती: घरावर स्लॅब पाहिजे. कर बसला असता तर तो स्लॅबच्या पैशांतूनच गेला असता.

त्या वेळचा कायदा असा होता. शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत असेल तर ती भांडवली मालमत्ता, आणि विकली तर नफ्यावर कर. आठ किलोमीटरच्या बाहेर असेल तर ती भांडवली मालमत्ताच नव्हे, आणि कर नाही. मी हे त्याला दोनदा समजावून सांगितलं.

"म्हंजे लांब असला त बरा?"

"हो. लांब असलं तर बरं."

"आनि जवल असला त?"

"तर कर."

आजवर त्याला गाव लांब असल्याचा काही फायदा झाला नव्हता.

सुनावणीच्या दिवशी मी त्याला कार्यालयाच्या व्हरांड्यात पुन्हा पढवलं. साहेब विचारतील, गाव बदलापूरपासून किती लांब? आठ किलोमीटरच्या वर, असं सांगायचं. तो "व्हय" म्हणाला. आत अधिकाऱ्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, शपथ दिली आणि विचारलं, "बाबा, गाव बदलापूरपासून किती लांब आहे तुमचं?"

"जवलच हाय, साहेब. या ना कवाबी. हाकेवर हाय."

मी खोकले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पानी पी, बाय."

अधिकारी जबाब इंग्रजीत लिहीत होते. 'हाकेवर' या शब्दापाशी त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी 'विदिन कॉलिंग डिस्टन्स' असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.

"मॅडम, हाकेचं अंतर आठ किलोमीटरपेक्षा कमी असावं, असं माझं मत आहे."

"सर, ही बोलायची पद्धत आहे."

"शपथेवर बोललेत ते."

व्हरांड्यात आल्यावर मी त्याला विचारलं, असं का सांगितलंत. त्याला माझा प्रश्नच कळला नाही. आपलं गाव लांब आहे असं सांगणं म्हणजे येऊ नका असं सांगणं, आणि पाणी देणाऱ्या माणसाला ते कसं सांगणार? शिवाय मुलाच्या सोयरिकीसाठी तो गेले सहा महिने सगळीकडे हेच सांगत होता. गाव बदलापूरला लागूनच आहे, असं त्याने बुवापाड्यात सांगितलं होतं. लांबच्या गावात मुलगी कोणी देत नाही. वीज उशिरा आलेली असते, पाणी डोक्यावरून आणावं लागतं आणि दवाखाना बदलापुरात असतो.

मी प्रत्यक्ष मोजणीसाठी अर्ज केला. मोजायचं रस्त्याने की सरळ रेषेत, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी रस्ता मान्य केला, कारण सरळ रेषेत जीप जात नाही. एका निरीक्षकाची नेमणूक झाली. तारीख ठरवताना मी म्हाताऱ्याला विचारलं, या दिवशी चालेल का. तो "चालंल" म्हणाला. मी दुसरी तारीख विचारून पाहिली असती तर तीही चालली असती. त्याच दिवशी मुलीकडचे घर बघायला येणार होते, हे त्याने मला सांगितलं नाही. नाही म्हणणं त्याला बरं वाटलं नसावं.

बदलापूर स्टेशनबाहेर त्या रस्त्याच्या काळ्या-पिवळ्या जिपा उभ्या राहत. किलोमीटरचा आकडा फिरणारी जीप त्यांत एकच होती. ती मी आदल्या दिवशी पाहून ठेवली होती. पण तिचा ड्रायव्हर रिकामी गाडी न्यायला तयार नव्हता. निरीक्षकांची हरकत नव्हती. मागे चार बायका आणि दोन पुरुष बसले. पुरुषांपैकी एकाच्या हातात मिठाईचा पुडा होता.

नगरपालिकेच्या पत्राप्रमाणे हद्द रस्त्यावरच्या एका मोरीपाशी संपत होती. तिथे निरीक्षकांनी जीप थांबवली, आकडा लिहून घेतला आणि ड्रायव्हरला वाटेत न थांबता चालवायला सांगितलं. पुढे ते दर किलोमीटरला मोठ्याने आकडा सांगत गेले, म्हणजे मलाही लिहिता यावा.

"दोन."

"तीन."

पुड्यावाला माणूस पुढे वाकला. "साहेब, काय मोजताय?"

"गाव किती लांब आहे ते." निरीक्षकांनी गावाचं नाव सांगितलं.

"आम्ही तिथंच चाललोय." तो जरा थांबला. "लागूनच आहे ना बदलापूरला?"

"तेच ठरवायचंय. चार."

पाचव्या किलोमीटरला त्याने ड्रायव्हरला विचारलं, अजून किती. ड्रायव्हर म्हणाला, "आलंच." सहाव्याला पुन्हा विचारलं. ड्रायव्हर पुन्हा म्हणाला, "आलंच." सातव्याला त्याने विचारलं नाही. शेजारच्या माणसाला तो म्हणाला, "मेहुणे, मोरीच्या आधीचे तीन धरा त्याच्यात." मेहुण्यांनी धरले असावेत. ते खिडकीबाहेर पाहू लागले. हा मुलीचा बाप आणि तो मामा, हे मला तेव्हा कळलं.

गावाच्या तोंडाशी आकडा सात किलोमीटर नऊशे मीटर झाला. निरीक्षकांनी वही मिटली.

"मॅडम, आठच्या आत आहे."

"गाव आत आहे. शेत गावाच्या पलीकडे आहे."

पलीकडे बैलगाडीची वाट होती. ड्रायव्हरने ती पाहिली आणि इंजिन बंद केलं. निरीक्षकांच्या पिशवीत तीस मीटरची टेप निघाली. तिचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मी प्रतिनिधी असल्यामुळे मला ते धरता येणार नव्हतं. गावाच्या तोंडाशी वाट पाहत उभा असलेला म्हातारा पुढे आला, पण प्रकरण त्याचंच होतं. तेवढ्यात मुलीच्या बापाने मिठाईचा पुडा मामाकडे दिला.

"इकडे द्या. कारखान्यात बावीस वर्षं मोजायचंच काम करतोय. ढिली धरली की चूक येते."

त्याने टेप धरली. बांधावरून, ओढ्यातून आणि पुन्हा बांधावरून दोघं जात राहिले. दर तीस मीटरला तो एक खडा खिशात टाकत होता. एका ठिकाणी टेप दगडावरून वर उचलली गेली, तेव्हा त्याने निरीक्षकांना परत मागे जायला लावलं. म्हातारा त्यांच्या मागोमाग चालला होता. त्याने दोनदा म्हटलं, "पाहुनं, ऊन हाय, ऱ्हाऊ द्या." शेताच्या कोपऱ्यावर चौदा खडे झाले. चारशे वीस मीटर. एकूण आठ किलोमीटर तीनशे वीस मीटर.

निरीक्षकांनी घराच्या ओट्यावर बसून पंचनामा लिहिला. घराच्या भिंती उभ्या होत्या आणि वर आकाश होतं. पंच म्हणून सही करायला त्यांनी मुलीच्या बापालाच सांगितलं. आपली मुलगी जिथे द्यायची ते घर हद्दीपासून किती लांब आहे, याच्या कागदावर त्याने स्वच्छ अक्षरात सही केली. राहिला म्हाताऱ्याचा जबाब.

"आधी तुम्ही हाकेवर म्हणालात. आता काय म्हणता?"

म्हाताऱ्याने पाहुण्यांकडे पाहिलं.

"जबाब लिहायचाय, बाबा. लांब की जवळ?"

"पाहुन्याला कोन लांब सांगतो, साहेब?"

"मी पाहुणा नव्हतो. त्या दिवशी तर मी तिथे नव्हतोच."

"ते साहेबबी पाहुनंच. त्यांनी पानी दिला."

निरीक्षकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. आतून म्हाताऱ्याची बायको चहाची थाळी घेऊन आली. तिने थाळी ठेवली आणि उभ्यानेच म्हणाली, "लांब हाय. लिवा. तीस वर्सं भाजीची पाटी घेऊन बाजारात जाते मी, मान मोडली माजी. यो काय सांगतो जवल? यो जिपीनं जातो."

"तू गप ऱ्हा," म्हातारा म्हणाला.

"मी गप ऱ्हायले म्हनून त जवल झाला."

निरीक्षकांनी नियमाप्रमाणे सांगितलं की जबाब करदात्याचाच लागतो, पत्नीचा चालत नाही. म्हाताऱ्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मुलीच्या बापाकडे तोंड करून निरीक्षकांना उत्तर दिलं.

"लांब हाय. आधी खोटा बोललू."

ते लिहिलं गेलं. त्याने अंगठा दिला. मुलीच्या बापाने चहा पूर्ण प्यायला, ड्रायव्हरला शेवटच्या जिपेची वेळ विचारली, आणि ती साडेसहाची आहे हे ऐकून मान हलवली. मिठाईचा पुडा मामाच्या मांडीवर तसाच होता. परतीच्या जिपेतही तो तिथेच होता. सोयरीक मोडली, असं मी गृहीत धरलं.

आदेश सव्वा महिन्याने आला. जमीन आठ किलोमीटरच्या बाहेर असल्याने ती भांडवली मालमत्ता नाही, सबब कार्यवाही बंद करण्यात येते. मी तो म्हाताऱ्याला वाचून दाखवला. त्याने विचारलं, "म्हंजे स्लॅब टाकू?" मी म्हटलं, टाका. त्याने माझी फी दिली आणि वर एक पाटी तोंडली ठेवली. मुलीकडच्यांचा काही निरोप आहे का, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

स्लॅब टाकून झाल्यावर पंधरा दिवसांनी मुलीचा बाप माझ्या खोलीवर आला. त्याला आदेशाची प्रत पाहायची होती. मी म्हटलं, ग्राहकाचा कागद दाखवता येत नाही. तो म्हणाला, मोजणी बरोबर धरली की नाही, एवढंच सांगा. मी सांगितलं, तीनशे वीसच धरले. त्याचं समाधान झालं. मग म्हणाला की, रविवारी याद्या करायच्या आहेत, त्या लिहायला तुम्ही या. लग्नात दोन्ही बाजूंनी काय द्यायचं आणि काय करायचं, हे याद्यांत लिहून सह्या होतात. लिहिणारा सहसा घरचाच असतो.

"मी का?"

"त्यांचं खोटंही तुम्ही ऐकलंय आणि कबुलीही."

रविवारी मी गेले. नव्या स्लॅबखाली सतरंजी घातली होती. सिमेंटचा वास येत होता. मानपान, जेवणं, वाजंत्री हे अर्ध्या तासात झालं. मग मुलीच्या बापाने आपलं कलम सांगितलं. सण आणि शेतीची कामं या घरी. एरवी मुलाने अंबरनाथला खोली घ्यावी, स्टेशनजवळ. म्हाताऱ्याने वर पाहिलं. ज्या स्लॅबवर हे लग्न अडलं होतं, त्याच्याखाली सून वर्षातून काही दिवसच राहणार होती. मग तो म्हणाला, "लिव, बाय."

मी लिहिता लिहिता थांबले. "जवळ म्हणजे किती?"

मुलीच्या बापाने विचार केला. "पायी पंधरा मिनिटं. स्टेशनपासून."

"कोनाचे पायी?" म्हाताऱ्याच्या बायकोने आतून विचारलं.

मुलीचा बाप म्हाताऱ्याकडे पाहू लागला आणि म्हातारा सतरंजीकडे.

"मुलीच्या," बाप म्हणाला.

मी तसं लिहिलं आणि सह्यांसाठी कागद पुढे केला.